रुमालाखालचा घाव

तुम्हाला चांगली येणारी एखादी गोष्ट शेजारच्यानं बघून शिकू नये, म्हणून तुम्ही कधी हात झाकलाय का?

नाही म्हणायची घाई करू नका. आमटीत काय घातलं विचारल्यावर हसून विषय बदलणाऱ्या बायका, अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे माहीत असून "उद्या या" म्हणणारे कारकून, वहीवर आडवा हात टाकून लिहिणारी वर्गातली हुशार मुलं, हे सगळे नाहीच म्हणतात. मीही म्हणाले असते. पण मी झाकलाय. ओढणीनं झाकलाय. आणि मी ज्या घरात वाढले त्या घरात हे चोरीपेक्षा वाईट समजलं जायचं.

गोष्ट व्हिडिओ गेमची आहे. मारामारीच्या गेमची, त्यातल्या एका पात्राची आणि त्या पात्राच्या एका घावाची. असल्या विषयावर लिहिणं हलकं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. वजनदार विषयांवर लिहिणारी वजनदार माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि ती काय लिहितात ते मी वाचलंय.

आमच्या नांदेडात बसस्थानकाच्या मागच्या अंगाला एका गल्लीत गेमचं दुकान होतं. कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यात टीव्ही, खाली फळीवर जॉयस्टिकचा दांडा आणि बटणं. अशा तीन पेट्या, त्यातल्या दोन आळीपाळीनं बंद. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं. ते दारातल्या स्टुलावर बसून नाणी घ्यायचे आणि गेमकडं पाठ करून रस्ता बघायचे. नियम एकच होता. दोघांनी लढायचं, जिंकला तो बसून राहायचा, हरला तो उठायचा. म्हणजे ज्याला येतं तो एका नाण्यावर अख्खी दुपार बसणार आणि ज्याला येत नाही तो नाणी घालत उभा राहणार. ही व्यवस्था कुणाला ओळखीची वाटली तर तो माझा दोष नाही.

मी आठवीत होते. शाळा सुटली की मी आणि माझी मैत्रीण तिथं शिरायचो. मुलींनी तिथं जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते लागू नाही असं मी धरून चालायचे.

"अय, शाळा तिकडं हाय," मुलं ओरडायची.

"अन् तुमची कुठं हाय?" मैत्रीण विचारायची.

त्या गेममध्ये आठ लढवय्ये होते. सात पुरुष आणि एक वेणीवाली. तिची सगळी ओळख एका घावात होती. ती खाली बसायची, वेणी गरकन फिरायची आणि उठता उठता तिचं कोपर समोरच्याच्या हनुवटीखाली बसायचं. समोरच्याचा पाव जीव गेला. दुकानात त्या घावाला नुसतं 'कोपर' म्हणायचे. पण नेम चुकला तर वेणीवालीची पाठ उघडी पडायची आणि दोन श्वास तिला हलता यायचं नाही. मारणाऱ्यालाही काही गमवावं लागेल असा तो घाव होता. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोपर कसं मारायचं हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पेटीवर परदेशी अक्षरांचा एक कागद होता, तोही कुणीतरी नखानं खरवडलेला. अख्ख्या दुकानात कोपर एकालाच यायचं. तो कॉलेजात जाणारा, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. कोपर मारायची वेळ आली की तो खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढायचा आणि दांड्यावरच्या डाव्या हातावर पसरायचा. रुमालाखाली काहीतरी हलायचं आणि टीव्हीत कोपर बसायचं. मागं उभी असलेली दहा-बारा मुलं टीव्हीकडं बघायची सोडून त्या रुमालाकडं बघायची, आणि एकालाही तो ओढून काढावासा वाटायचा नाही. उलट अभिमान! "आपल्या दुकानात रुमालवाला हाय," असं दुसऱ्या दुकानातल्या पोरांना सांगायचे. स्वतःला शिकवत नाही त्याचा इतका अभिमान बाळगणारी माणसं मी नंतरही खूप पाहिली, पण सुरुवात तिथं झाली.

आणि हीच मुलं दिवसभर बाईच्या अंगानं लढायची, बाईचं कोपर आपल्याला यावं म्हणून झुरायची, आणि खरी मुलगी बाकड्यावर येऊन बसली की म्हणायची, "ऊठ गं, टाइम खोटी करू नको."

मला त्या बाकड्यावर बसून राहायचं होतं. मला दुसरं काही नको होतं. कोपराशिवाय मी एका डावात उठत होते.

एकदा मी रुमालवाल्याला सरळ विचारलं, "दादा, कोपर कसं मारायचं?"

"सांगून येत न्हाई ते. असावं लागतंय."

"काय असावं लागतंय?"

"हातात."

मी त्याचा हात बघितला. हातात एक लोखंडी अंगठी होती.

रुमाल हात झाकतो, आवाज झाकत नाही, एवढी साधी गोष्ट त्या दहा-बारा टोणग्यांना कळली नव्हती. दांडा कुठंही ढकलला की आत 'टक' वाजायचं. बटण दाबलं की 'पट्'. मी त्याच्या मागं डोळे मिटून उभी राहायला लागले. मुलं म्हणायची, "हिला झोप लागून राहिली." मी मोजत होते. पट्, टक, टक, टक, पट्. पाच आवाज. शेवटचा पट् ठोशाचा, ते उघड होतं. पहिला जरा सपाट वाजायचा, म्हणजे दुसरं कुठलंतरी बटण. वहीच्या शेवटच्या पानावर मी ते पाच आवाज लिहून ठेवले.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मैत्रीण मामाकडं हदगावला गेली होती. मी एकटी बसले आणि तीन टकांच्या जेवढ्या दिशा होतील तेवढ्या करून बघितल्या, प्रत्येकीच्या आधी प्रत्येक बटण. खूप वेळ गेला. मग अडवायचं बटण दाबलं, दांडा मागं, खाली, पुढं नेला आणि ठोसा मारला. वेणी फिरली. कोपर बसलं. मी इतकी ओरडले की चाचांनी पहिल्यांदा रस्ता सोडून आत बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी रुमालवाल्याच्या शेजारी बसले. त्यानं रुमाल पसरला. मी तोवर दोन कोपरं मारली होती. तो उठला. मी बसून राहिले. एक डाव, दोन डाव. मागं गर्दी झाली. आणि तिसऱ्या डावाला मी काय केलं? शाळेच्या ओढणीची पिन काढली आणि ओढणी डाव्या हातावर टाकली.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

"दाखव की," मैत्रीण मागून म्हणाली.

"बघून शीक."

"ओढणीतून काय बघू?"

"मला कुणी दाखवलं होतं?"

महिनाभर मी त्या बाकड्याची राणी होते. रुमालवाला उठला आणि ओढणीवाली बसली, एवढाच काय तो बदल. मुलं आता दुसऱ्या दुकानात जाऊन सांगायची, "आपल्याकडं एक ओढणीवाली हाय." मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं व्हायचं. आज त्या छातीची मला किळस येते.

मैत्रिणीनं शेवटी एका संध्याकाळी घरी येऊन माझ्या बाबांनाच गाठलं. बाबा एका कचेरीत शिपाई होते. कचेरी सुटली की पत्रकं काढायचे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा याचं पत्रक, वस्तीच्या नळाचं पत्रक, विहारातल्या वाचनालयाचं पत्रक. घरात भिंतीपेक्षा कागद जास्त होता. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले, त्यामुळं मला अजून कुजबुजणारं वाक्य लिहिता येत नाही. पत्रकाचे बाबांचे दोन नियम होते. बस यायच्या आत वाचून झालं पाहिजे. आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यासाठी काम पाहिजे. नसेल तर तो निबंध, तो शाळेत द्यावा.

"काका, हिला कोपर येतंय अन् ही मला दाखवत न्हाई," मैत्रीण म्हणाली. "हातावर ओढणी टाकती."

बाबांना आधी कोपर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं आणि हसायला लागले. मला वाटलं सुटले.

"ओढणी टाकती? म्हंजे सोवळ्यात खेळती व्हय ही?"

"बाबा, मी मेहनत करून शिकले. कुणी फुकट न्हाई दिलं."

"हाव," ते म्हणाले. "ते बी असंच म्हणायचे."

'ते' म्हणजे कोण, हे आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या घरात सांगावं लागत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अक्षर झाकून ठेवलं ते. बाबा चहा पीत राहिले. मला वाटलं होतं मी त्यांच्या बाजूला उभी आहे. मी पलीकडं जाऊन बसले होते, तेही एका लाकडी पेटीसमोरच्या बाकड्यासाठी.

होऊन गेलेल्या सभांची उरलेली पत्रकं घरात गठ्ठ्यानं पडलेली असायची. मागून कोरी. आम्ही त्यांच्यावर गणितं करायचो. त्याच पाठकोऱ्या कागदांवर मी आणि मैत्रिणीनं स्केचपेननं लिहिलं: "कोपर सर्वांचं आहे! अडव, मागं, खाली, पुढं, ठोसा. वाचून झालं की मागं उभ्या असलेल्याला द्या." दुसऱ्या दिवशी दुकानात वाटलं. एक कागद रुमालवाल्याच्याही हातात दिला.

त्यानं वाचला, आधी छापील बाजू आणि मग आमची. "घालवली मजा," तो म्हणाला. "आता कोणीबी मारंल."

'कोणीबी' म्हणताना त्याचा ओठ कसा वाकडा झाला होता ते मला आजही दाखवता येईल. तो पुन्हा दुकानात दिसला नाही.

आठवड्यात सगळ्यांना कोपर आलं. सगळे एकदम दांडा फिरवायला लागले आणि दांडा मुळातून मोडला. "बेटी, तेरे कागद ने मेरी मशीन का हात तोड़ दिया!" चाचा ओरडले, पण दुकान भरलेलं होतं म्हणून ओरडताना हसतही होते. नवीन दांडा बसला. आणि मग जे झालं ते रुमालवाल्यानं बघायला हवं होतं. कोपर सगळ्यांना येतंय म्हटल्यावर मुलं कोपर टाळायला शिकली. समोरचा खाली बसला की मागं सरायचं, कोपर हवेत जाऊ द्यायचं आणि उघड्या पाठीवर मारायचं. तोवर दुकानात एकाचा खेळ आणि बाकीच्यांचं बघणं चाललं होतं. आता दोघं खेळत होते. मी रोज हरायला लागले. मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली निघाली.

नंतर चाचांनी दुसरा भाग आणला. त्यात कोपर मारताना वेणीवाली घावाचं नाव ओरडायची, परदेशी भाषेत. आमची मुलं ते ऐकून जे ओरडायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्यांदा ठोसा दाबला तर आणखी एक कोपर बसायचं. ठीक होतं. चुकलं तर पाठ अजून उघडी पडत होती.

तिसरा भाग मी कॉलेजात असताना नेटकॅफेतल्या संगणकावर खेळले, आणि तिथं माझी लाज निघाली. या भागात खेळ थांबवला की सगळ्या घावांची यादी समोर यायची, कुणी न विचारता. वेणीवालीच्या नावापुढं लिहिलं होतं: मागं, खाली, पुढं, ठोसा. चार. मी पुन्हा वाचलं. अडवायचं बटण कुठंच नव्हतं. आधी वाटलं, या भागात बदललं असेल. मग एका मुलाच्या लॅपटॉपवर पहिला भाग मिळाला. तिथंही चारच. तो पहिला सपाट पट् बटणाचा नव्हताच. रुमालवाला दांडा धरताना त्याची लोखंडी अंगठी फळीवर आपटायची, तिचा होता. मी त्याची अंगठी ऐकून, तिला बटण समजून, शास्त्र म्हणून अख्ख्या दुकानाला वाटली होती. आधी अडवल्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणाला कळलंही नाही. मैत्रिणीला सांगितलं तर ती फोनवर पाच मिनिटं नुसती हसली.

पण त्या तिसऱ्या भागात कोपराचं जे केलं होतं त्यापुढं माझी चूक काहीच नव्हती. वेणी गुडघ्यापर्यंत आली, कपडे वर गेले. कोपर मारलं की सगळं काळं व्हायचं, विजा चमकायच्या, कॅमेरा नको तिथून फिरायचा आणि वेणीवाली अकरा वेळा मारायची. समोरचा खेळणारा तोवर हात मांडीवर ठेवून बसायचा. त्याला करण्यासारखं काही नव्हतं, आणि मारणाऱ्यालाही नव्हतं. दोघं मिळून टीव्ही बघायचे. मी अशा सभा पाहिल्यात. दिवे, घोषणा, अकरा वेळा हात वर, आणि कुणाच्या हनुवटीला काही लागत नाही. नेटकॅफेतली मुलं टाळ्या वाजवायची. कशाला वाजवता विचारलं तर म्हणायची, "काय दिसतंय राव!" दिसतंय. ज्यांना दिसण्यावर भागतं त्यांच्यासाठीच तो भाग बनवला होता.

चौथ्या भागात नवीन सोंग. तुमचा जीव संपत आला की तुमचं कोपर आपोआप जोरकस व्हायचं. सगळा डाव घाण खेळायचा, मार खायचा, आणि शेवटी खेळ बनवणाऱ्यांनी दया म्हणून दिलेल्या एका घावावर जिंकायचं. मला दया नको होती. चौथा भाग मी दोन दिवसांत सोडला.

मग मी लातूरला आले. इथल्या एका शिकवणी वर्गात मी प्रश्नपत्रिका तपासते, म्हणजे छापायच्या आधी चुका काढते. प्रती काढायला खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं. तिथं मशीनवर एक मुलगी आहे, जळकोटची, विशीची. दिवसभर उभी असते. मशीन प्रती ओकत असतं तेवढ्या वेळात ती फोनवर खेळते. एकदा मी सहज वाकून बघितलं. वेणीवाली होती, पाचवा भाग.

पाचव्या भागात बनवणाऱ्यांना अक्कल आली होती. विजा गेल्या, अकरा घाव गेले, वेणी कमरेवर आली, कपडे अंगभर. एक बसणं, एक उठणं, एक कोपर, आणि चुकलं तर पाठ उघडी. पहिल्या भागातलं कोपर परत आलं होतं. वर त्यांनी एक जास्तीची सोय केली होती, 'सोपी बटणं'. ज्याला दांडा फिरवता येत नाही त्यानं एकच बटण दाबावं, कोपर बसेल, जरासं हलकं बसेल. जुन्या खेळाडूंनी यावर तासतासभराचे व्हिडिओ करून छाती बडवली. आमची कला गेली, आता कोणीही मारतो. मी ते व्हिडिओ बघितले. ओठ सगळ्यांचा तसाच वाकडा होतो.

झेरॉक्सवाली सोप्या बटणांवर खेळत होती. फोनला दांडा कुठला आणणार? पण ती काहीतरी विचित्र करत होती. कोपराचं एक बटण दाबायच्या आधी दर वेळी ती अडवायचं बटण दाबायची.

"ते आधी कामून दाबतीस?" मी विचारलं.

"तसंच मारायचं असतंय मॅडम. आधी अडव, मंग मार."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या मामानं. ते नांदेडला आयटीआयला होते, तवा तिथल्या दुकानात असंच खेळायचे." तिनं वर बघितलं. "चुकीचं हाय का?"

मशीन थांबलं होतं. मी तिला म्हणाले, चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. मग दुकानात दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत तिला सगळं सांगितलं.

तिला हवं होतं ते एवढंच. शिकवणी वर्गांच्या मागच्या रस्त्याला नवीन गेमिंग कॅफे झालाय. तिथं महिन्यातून एका रविवारी स्पर्धा असते, भिंतीएवढ्या टीव्हीवर. रविवारी तिला सुट्टी असते. एकदा त्या खुर्चीवर बसून खेळायचं होतं. पण दारावर कागद होता: "फक्त जुनी पद्धत. सोप्या बटणांवर खेळणाऱ्यांनी नाव देऊ नये." तिनं तरी विचारलं होतं. मालक म्हणाला होता, "ताई, फोनवरलं फोनवर ठेवा."

मी तिच्याबरोबर गेले. आत थंड हवा, निळे दिवे. गल्ल्यावर एक पोट सुटलेला माणूस फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता हात काचेवर आपटत होता. पट्. पट्. मी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, त्या आवाजावरून ओळखलं.

"दादा," मी म्हणाले, "हिचं नाव लिहून घ्या."

"सोपी बटणं?"

"हाव."

"न्हाई जमत. लोकं वर्षं घालवतेत शिकायला. अन् हिनं एक बटण दाबून मारायचं?"

"हलकं लागतंय की तिचं. सोय घेतली त्याची किंमत खेळ कापूनच घेतो. तुम्ही वरून कामून कापता?"

"बाई, तुम्ही खेळता का?"

"नांदेडला खेळायचे. चाचांच्या दुकानात."

त्यानं फोन खाली ठेवला. माझ्याकडं नीट बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तू ती ओढणीवाली ना? महिनाभर झाकून खेळली अन् मग लोकांला शानपण शिकवलं!"

झेरॉक्सवालीनं माझ्याकडं बघितलं. ओढणीचं मी तिला सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं असं वर लिहिलंय मी, ते खोटं आहे. चूक सांगितली होती. लाज सांगितली नव्हती.

"हाव, तीच," मी म्हणाले. "तुमच्या रुमालाखालचं ऐकून शिकले. अन् तुमची अंगठी फळीवर वाजायची, ते बी बटण समजून शिकवलं. जळकोटपर्यंत पोचलीय तुमची अंगठी. दाखव गं ह्यांना."

तिनं फोन काढून गल्ल्यावर ठेवला आणि कोपर मारलं. आधी अडवलं, मग मारलं. तो बघत राहिला. मग त्यानं अंगठीकडं बघितलं, एक क्षणभरच.

"म्हंजे चुकीचं शिकवलं की तू."

"चुकीचं शिकवलं. तुम्ही काय शिकवलं?"

"नाव न्हाई घेणार," तो म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला.

रविवारी आम्ही गेलो. बघायला बंदी नव्हती. ती खुर्च्यांच्या मागं उभी राहिली. दुसऱ्या डावात हरलेला एक कॉलेजचा मुलगा उठून मागं आला आणि वैतागून म्हणाला, "त्या कोपराचं काय करायचं तेच कळत न्हाई."

"ती खाली बसली की मागं सर," झेरॉक्सवाली म्हणाली. "मारू नको, अडवू नको. नुसतं सर. मंग पाठ उघडी पडती." आणि फोन त्याच्या हातात देऊन करून दाखवलं. मग दुसरा आला. मग एक मुलगी, शिकवणीची बॅग पाठीवर. भिंतीएवढ्या टीव्हीवर उपांत्य फेरी चालू होती आणि मागं पाच-सहा डोकी एका तडकलेल्या फोनवर वाकली होती. "अय, तिकडं काय बाजार मांडला?" मालक ओरडला. कुणी मान वर केली नाही. मोठ्या टीव्हीवर कोण जिंकलं ते मला माहीत नाही.

निघताना दारावर पुढच्या स्पर्धेची यादी लावलेली होती, नावं लिहायला कोरी. झेरॉक्सवालीनं पेन काढलं. आपलं नाव लिहिलं आणि पुढं कंस करून लिहिलं: सोपी बटणं. सोमवारी कामावर येताना मी बघितलं, त्याच्या खाली आणखी तीन नावं होती आणि तिन्हींच्या पुढं तोच कंस. मालकानं ती यादी अजून फाडलेली नाही. फाडेलही. तो काय करेल याचा भरवसा मी देणार नाही, त्याला मी ओळखते. मलाही ओळखते.

बाबांच्या नियमाप्रमाणं आता काम. घाव असा आहे: मागं, खाली, पुढं, ठोसा. पहिला पट् अंगठीचा, तो सोडा. हे तुमच्या उपयोगाचं नसेल तर जे तुम्हाला येतं आणि तुम्ही झाकून ठेवलंय ते घ्या. एक पाठकोरा कागद शोधा, त्यावर ते क्रमानं, मोठ्या अक्षरात लिहा आणि आज संध्याकाळच्या आत तुमच्या मागं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या. चुकलं असेल तर चुकलेलं द्या.